२५५ च्या पलीकडचा मारिओ

मारिओचा विषय निघाला की लोक विक्रीच्या आकड्यांपासून सुरुवात करतात, आणि ते आकडे आहेतही तसेच दणदणीत. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४ कोटी २ लाख प्रती खपला. ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१७ साली आला आणि २०२५ पर्यंत ६ कोटी ८० लाखांच्या वर गेला. लाल टोपीचा हा मिशाळ प्लंबर ज्यांत ज्यांत आहे ते सगळे गेम धरले, तर बेरीज ८० कोटींच्याही पुढे जाते. अडचण एवढीच की कोटींची सवय फार लवकर होते. चार कोटी काय आणि सहा कोटी काय, वाचणारा मान डोलावतो आणि पान उलटतो.

माझ्या मते या सगळ्या गोतावळ्यातला सगळ्यात अचाट आकडा ४०,९६० हा आहे. मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ एवढ्या बाइट्सचा होता. त्यातले ३२,७६८ बाइट्स प्रोग्रॅमचे, उरलेले ८,१९२ चित्रांचे. आठ जगं, बत्तीस लेव्हल, कासवं, तोफा, पाण्याखालचे मासे, आगीचे फिरते दांडे, संगीत, राजकन्या, सगळं त्यात. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स खातं. अक्षराचे तीन, त्याच्या वेलांटीचे वेगळे तीन. त्या हिशेबाने तुम्ही आत्ता वाचताय तो हा लेख साठवायलाही जवळपास तेवढीच जागा लागते. मी एवढ्या जागेत मारिओबद्दल चार गोष्टी सांगेन. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तेवढ्यात मारिओच बसवला.

मारिओचा जन्म मात्र न खपलेल्या मालातून झाला. निन्टेंडो ही क्योटोची कंपनी, १८८९ साली हानाफुदा नावाचे फुलापानांचे पत्ते बनवण्यासाठी सुरू झालेली. १९८० च्या सुमारास तिने ‘रडार स्कोप’ नावाचा गेम काढला, अमेरिकेच्या शाखेने त्याची सुमारे ३,००० यंत्रं मागवली आणि त्यातली २,००० गोदामात पडून राहिली. यंत्रं तशीच ठेवून आतला गेम बदलायचा, असं ठरलं. काम मियामोतोकडे आलं. वय तिशीच्या आत, शिक्षण औद्योगिक डिझाइनचं, प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही. १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ तयार झाला. त्यातला उड्या मारणारा सुतार सुरुवातीला नुसता ‘जंपमॅन’ होता. मारिओ हे नाव त्याला अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाली यांच्यावरून मिळालं. पुढे एकट्या अमेरिकेत ‘डाँकी काँग’ची ६० हजारांहून जास्त यंत्रं विकली गेली.

त्याचं रूपडं आकड्यांनी घडवलं. चेहऱ्यासाठी हाताशी ठिपके इतके थोडे की तोंड काढणं शक्य नव्हतं, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. केस उडताना दाखवायला जागा नव्हती, म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळा दिसावा म्हणून डांगरी. जगातलं हे बहुधा सगळ्यात ओळखीचं गेमपात्र, आणि त्याच्या अंगावरची प्रत्येक वस्तू कशाच्या तरी टंचाईतून आलेली आहे.

आता त्या काळच्या यंत्रांची एक गोम. त्यांचा मेंदू आठ बिटचा. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५५ मध्ये एक मिळवला की पुन्हा शून्य. मारिओच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जिथे जिथे विलक्षण काही घडलं, तिथे बहुतेक वेळा आकडा असल्याच एखाद्या कुंपणावर आदळलेला सापडतो.

‘डाँकी काँग’पासूनच पाहा. प्रत्येक फेरीला किती वेळ द्यायचा, हे यंत्र एका सूत्राने ठरवतं: फेरीच्या क्रमांकात चार मिळवा आणि दहाने गुणा. उत्तर शेकड्यात. भरपूर सराव केलेला खेळाडू बाविसाव्या फेरीत पोचतो. २२ अधिक ४ म्हणजे २६, गुणिले १० म्हणजे २६०. बाइटमध्ये २६० मावत नाहीत. २५६ गळून जातात, उरतात ४. भरपूर वेळ मिळायच्या ऐवजी घड्याळ ४०० वर सुरू होतं आणि काही सेकंदांत मारिओ जागच्या जागी मरतो. त्याला ना पिंप लागलेलं असतं, ना तो पडलेला असतो. गेमला अधिकृत शेवट नव्हता, तो अंकगणिताने दिला.

१९८५ च्या ४०,९६० बाइट्सकडे परत येऊ, कारण खरी कारागिरी तिथे आहे. चित्रांच्या ८,१९२ बाइट्समध्ये ८ बाय ८ ठिपक्यांचे ५१२ तुकडे बसतात. निम्मे पार्श्वभूमीला, निम्मे हलणाऱ्या पात्रांना. म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकच चित्र आहे: वर पांढरं, खाली हिरवं. ज्यांनी लहानपणी हा गेम शेकडो वेळा खेळला, त्यांच्याही हे लक्षात आलेलं नसतं. गूम्बा नावाचा तो तपकिरी शत्रू अगदी शेवटी घातला गेला. तेव्हा जागा संपत आली होती, म्हणून त्याला एकच चित्र मिळालं, आणि ते डावं-उजवं उलटवत राहिलं की तो चालतोय असं वाटतं. लेव्हलचा नकाशा तर चित्र म्हणून साठवलेलाच नाही. एक पाइप म्हणजे दोन बाइट्स: कुठे आहे आणि काय आहे. बत्तीस लेव्हलपैकी काही चक्क दुसऱ्यांदा वापरल्या आहेत. ५-३, म्हणजे पाचव्या जगातली तिसरी लेव्हल, ही थोडी अवघड केलेली १-३ आहे, आणि ७-२ म्हणजे २-२. घड्याळ ४०० आकडे दाखवतं, पण त्याचा एक आकडा ०.४ सेकंदाचा, म्हणजे खेळाडूच्या हाती असतात १६० सेकंद.

संगीत कोजी कोंदो यांचं. यंत्राला एका वेळी मोजकेच स्वर वाजवता येत होते. नाणं घेतल्याचा आवाज आला की त्या क्षणापुरता गाण्यातला एक स्वर बाजूला होतो, आणि कान तो मनातल्या मनात भरून काढतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत ही धून घेतली. त्या यादीत गेलेलं हे पहिलं गेमसंगीत.

आपल्याकडे मारिओ आला तो बहुतेकांच्या घरी निन्टेंडोच्या यंत्राच्या स्वस्त नकलेतून, पिवळ्या कॅसेटवर, ‘९९९९ इन १’ असं छापून. मे महिन्याच्या सुट्टीत शेजारपाजारची पोरं ज्या टीव्हीसमोर जमायची, त्या टीव्हीवर तेच ४०,९६० बाइट्स धावत होते. कॅसेटवरचा आकडा मात्र निव्वळ थाप होती. यादी स्क्रोल करत गेलं की तेच दहा-वीस गेम नावं बदलून, कधी पहिल्या तर कधी तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होत, पुन्हा पुन्हा भेटायचे. इतका उघड खोटा आणि तरी इतका लाडका आकडा मला दुसरा माहीत नाही.

त्याच पोरांपैकी काहींना ३-१ च्या शेवटची पायऱ्यांवरची युक्ती ठाऊक होती. पायरीवर उतरणाऱ्या कासवाच्या पाठीवर नेमक्या जागी उडी मारत राहायचं, म्हणजे जीव वाढतच जातात. इथेही कुंपण आहे. जीवांचा बाइट अधिक-उणे दोन्ही मोजतो, त्यामुळे तो १२७ पर्यंतच वर जातो. पुढचा जीव मिळाला की यंत्र तो उणे १२८ असा वाचतं, आणि मारिओ एकदा मेला की थेट खेळ खलास. हाव धरणाऱ्याला एवढी चोख शिक्षा कुणी मुद्दाम लिहिलेली नव्हती. ‘मायनस वर्ल्ड’चंही तसंच. १-२ च्या शेवटी भिंतीतून आरपार घुसलं की पडद्यावर ‘-१’ असं जग दिसतं आणि कधीच न संपणारी पाण्याखालची लेव्हल सुरू होते. खरं तर ते जग क्रमांक ३६. पण यंत्राच्या चित्रयादीत छत्तिसावा तुकडा कोरा आहे, म्हणून आकडा दिसत नाही आणि फक्त मधली आडवी रेघ व १ उरतो.

चाळीस केबीचा गेम किती काळ पुरावा? लोक अजून त्याच्या मागे आहेत. तो लवकरात लवकर संपवायची शर्यत जगभर चालू आहे. गुप्त पाइपांमुळे ३२ पैकी ८ लेव्हल खेळूनच शेवट गाठता येतो. २०११ च्या सुमारास विक्रम ४ मिनिटं ५८ सेकंदांवर होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत आलं. दहा वर्षं, हजारो तास, आणि मिळकत तीन सेकंदांच्या आसपास.

ही मिळकत इतकी थोडी का, याचं उत्तर २१ या आकड्यात आहे. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, त्यांना फ्रेम म्हणतात. लेव्हल संपली की पुढची सुरू करायची का, हे यंत्र प्रत्येक फ्रेमला पाहत नाही. दर २१ फ्रेमला एकदा पाहतं. खेळाडू याला बसची उपमा देतात. बस दर २१ फ्रेमला सुटते. तुम्ही स्टँडवर पाच फ्रेम आधी पोचलात तरी सुटायची वेळ तीच. म्हणून शेवटची सोडून बाकीच्या लेव्हलमध्ये वेळ वाचतो तो ०.३५ सेकंदाच्या ठोकळ्यांत, नाहीतर वाचतच नाही. ठोकळा मिळवायला कधी एखाद्या फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, बोट हलावं लागतं, आणि तेही अनेक ठिकाणी ओळीने. २०२३ चा विक्रम ४ मिनिटं ५४.६३१ सेकंद. फ्रेमगणिक बटणं आखून संगणकाकडून खेळवलेला आदर्श डाव ४ मिनिटं ५४.२६५ चा. माणूस आणि आदर्श यांच्यातलं अंतर २२ फ्रेम, आणि त्यानंतर ते आणखी कमी झालंय. ऑलिंपिकमध्ये तरी वारा असतो, ट्रॅक बदलतो. इथे दोन्ही बाजूंना तेच बाइट्स आहेत, त्यामुळे माणसाच्या बोटांना कुठे किती वाव उरलाय हे नेमकं मोजता येतं.

१९९६ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ आला आणि मारिओ सपाट पडद्यावरून खोलीत उतरला. कॅसेट ८ एमबीची, आधीच्या दोनशे पट. त्यात १२० तारे गोळा करायचे असतात. तारे गोळा करून झाल्यावर काही माणसांना प्रश्न पडला: उडीचं ‘ए’ बटण कमीत कमी किती वेळा दाबून हा गेम संपवता येईल? मारिओ उडी मारण्यासाठी ओळखला जातो, आणि यांना त्याला उडीच मारू द्यायची नव्हती. या नादातून जे बाहेर आलं ते मला विक्रीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा भारी वाटतं.

गेम मारिओची जागा अपूर्णांकासह, भरपूर मोठ्या आकड्यांपर्यंत साठवतो. पण त्याच्या पायाखाली जमीन आहे का, हे पाहताना तो आकडा सोळा बिटमध्ये कोंबतो, आणि सोळा बिटचं कुंपण आहे ६५,५३६. त्यामुळे नकाशापासून बरोबर ६५,५३६ एककांवर, डोळ्यांना काहीही दिसत नसताना, त्याच नकाशाची अदृश्य प्रत उभी असते. पुढच्या ६५,५३६ वर आणखी एक. खेळाडू त्यांना समांतर विश्व म्हणतात. तिथे पोचायचं तर वेग हवा. गेम प्रत्येक फ्रेममधली हालचाल चार पावलांत तपासतो, म्हणून प्रत्येक पाऊल एकेका विश्वाच्या जमिनीवर पडायला फ्रेमला ६५,५३६ च्या चौपट, म्हणजे २,६२,१४४ एककं कापावी लागतात.

हा वेग किती? गेममध्ये मारिओची उंची १६० एककं धरलेली आहे. तो १६० सेंटिमीटरचा माणूस मानला तर एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर. त्याची नेहमीची धाव फ्रेमला साधारण ३२ एककांची, आणि सेकंदाला ३० फ्रेम. म्हणजे सेकंदाला ९.६ मीटर. उसेन बोल्टचा १०० मीटरच्या विश्वविक्रमातला सरासरी वेग १०.४ मीटर, तेव्हा ढेरपोट्या प्लंबरच्या मानाने हे ठीकच. समांतर विश्वासाठी लागणारा वेग मात्र सेकंदाला ७८ किलोमीटरहून जास्त निघतो. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून कायमचं सुटायला ११.२ किलोमीटर पुरतात. हा त्याच्या सातपट.

एवढा वेग कसा मिळवतात? एका गुहेतल्या बिनकामाच्या उतारावर मारिओला जागच्या जागी थरथरत ठेवतात आणि वेग साठू देतात. गेममधल्या घड्याळाने बारा तास. हे सगळं एका ताऱ्यासाठी, आणि त्यातही वाचवायचं होतं ते पूर्ण एक बटण दाबणंही नाही, अर्धं. आधीच दाबलेलं बटण नुसतं धरून ठेवून काम भागलं तर ते अर्धं धरतात. २०१६ च्या जानेवारीत हा हिशेब समजावणारा व्हिडिओ आला आणि ज्यांनी हा गेम कधी हातात धरला नव्हता अशीही लाखो माणसं तो बघत बसली. मला यात वेडेपणा दिसत नाही. शिस्तीने केलेल्या संशोधनाला लागतं ते सगळं यात आहे: मर्यादित साधन, स्पष्ट प्रश्न, आणि उत्तर पडताळून पाहणारे दुसरे लोक.

त्याच गेममध्ये २०१३ साली एका खेळाडूचा मारिओ, थेट प्रक्षेपण चालू असताना, अचानक वरच्या मजल्यावर जाऊन उभा राहिला. हा प्रकार दुसऱ्यांदा करून दाखवणाऱ्याला १,००० डॉलरचं बक्षीस लागलं. कुणालाच जमलं नाही. अखेर हिशेब जुळला तो एका बिटशी. मारिओच्या उंचीचा आकडा होता उणे ४,२०७. त्यातला एकच बिट उलटला तर तो बरोबर एक चतुर्थांश होतो, उणे १,०५१.७५, आणि मारिओ दिसतो तिथेच पोचतो. बिट उलटला कसा? अंतराळातून आलेल्या कणाने स्मृतीच्या चिपला धक्का दिला, हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. सिद्ध झालेलं नाही, पण हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. विमानांच्या आणि उपग्रहांच्या संगणकांत अशा उलटलेल्या बिटांची तजवीज करावीच लागते.

पैशाचं थोडक्यात उरकतो. २०२१ च्या जुलैमध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची न उघडलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली आणि ऑगस्टमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची तशीच प्रत २० लाख डॉलरला. बाइटला ४९ डॉलर पडले. कुणीही कधी न खेळल्याबद्दल गेमला दिलेली ही किंमत. मला ती सगळ्यात हास्यास्पद वाटते. २०२३ च्या मारिओ चित्रपटाने जगभर १३६ कोटी डॉलर कमावले, आणि तो प्रदर्शित केला युनिव्हर्सलने. हीच ती युनिव्हर्सल, जिने ‘डाँकी काँग’ ही किंग काँगची चोरी आहे म्हणून १९८२ मध्ये निन्टेंडोला कोर्टात खेचलं होतं आणि हरली होती, कारण किंग काँगची कथा सगळ्यांसाठी खुली आहे हे तिनेच आधीच्या एका खटल्यात मांडलेलं निघालं.

त्यापेक्षा लोकांनी स्वतः बांधलेल्या लेव्हलची मोजदाद अधिक रंजक आहे. २०१५ मध्ये निन्टेंडोने ‘सुपर मारिओ मेकर’ काढून लेव्हल बनवायची हत्यारं खेळाडूंच्या हाती दिली, आणि आठ महिन्यांत ७० लाखांहून जास्त लेव्हल तयार झाल्या. अट एकच: जगाला देण्याआधी बनवणाऱ्याने स्वतः ती पार करून दाखवायची. पुढे यातून एक मंडळी उभी राहिली, जिने ठरवलं की कुणीच पार न केलेली एकही लेव्हल शिल्लक ठेवायची नाही. मध्येच निन्टेंडोने जाहीर केलं की ८ एप्रिल २०२४ ला सर्व्हर बंद होणार. मार्च उजाडला तेव्हा अगदी मोजक्या उरल्या होत्या, आणि शेवटची काही केल्या हटेना. मग ती बनवणाऱ्यानेच कबूल केलं की त्याने ती हाताने पार केलीच नव्हती, यंत्राकडून बटणं दाबून घेतली होती. मंडळीच्या नियमांनुसार मोहीम तिथेच फत्ते झाली होती. तरीही एका खेळाडूने सर्व्हर बंद होण्याच्या काही दिवस आधी ती स्वतःच्या बोटांनी पार केली.

एखादी लेव्हल पार होऊ शकते की नाही, हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम लिहिता आला असता तर ही सगळी मेहनत वाचली असती. अमेरिकेच्या एमआयटीतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये तो प्रश्नही निकालात काढला. ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स’च्या मालिकेतल्या गेममध्ये लेव्हलच्या आकाराला आणि त्यातल्या वस्तूंना मर्यादा घातली नाही, तर प्रत्येक लेव्हलसाठी बरोबर उत्तर देणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही, असं त्यांनी गणिताने सिद्ध केलं.